मांयला सांगितलेले वास

माझ्या थोरल्या बहिणीची नात केतकी माझ्याकडे राहून औषधशास्त्र शिकते. मागच्या शुक्रवारी ती म्हापशाच्या बाजारातून पिशवीभर पाला घेऊन आली. कोथिंबीर, पुदिना, कडीपत्ता, तुळस, पानओवा आणि वर दोन संत्री. मला वाटलं, आज पोरीला चटणी वाटायची बुद्धी झाली. तर तिनं संत्री सोलली, फोडी माझ्या हातावर ठेवल्या आणि साली डबीत भरून वर चिठ्ठी डकवली. फळ दुसऱ्याला देऊन साल स्वतःकडे ठेवणारं माणूस मी जन्मात दोनदाच पाहिलं. त्यातलं एक ही.

त्यांच्या कॉलेजात म्हणे एक जांभळं पाणी असतं. त्यात या पाल्याचा, सालीचा अर्क थेंब थेंब सोडायचा. अर्कात दम असला तर जांभळा रंग उतरत जातो आणि पाणी पिवळं होतं. त्या गुणाला ती अँटिऑक्सिडंट म्हणते. मला कळेल असं सांग, म्हटलं. तर म्हणाली, आजी, लोखंडाला गंज चढतो ना, तसा माणसालाही आतून चढत असतो, तो चढू न देणारं ते. माझं लग्न ज्या गावात झालं तिथला डोंगरच्या डोंगर गंजाचा होता. त्या गावात एक बाई वर्षानुवर्षं साली वाळवत होती आणि मी तिला हसत होते.

केतकीला तोरंजन हवं होतं. इतर ठिकाणी त्याला पपनस म्हणतात. बाजारात ते चवथीपुरतं येतं, गणपतीवरच्या माटोळीला टांगायला, आणि मग दिसत नाही. म्हणून आम्ही दोघी डिचोलीची बस धरून सुर्ल्याला गेलो. घर आता पुतण्याकडे आहे. परसात झाड तसंच उभं होतं, पण मला ते ओळखू येईना. पानं हिरवी होती. आमच्या वेळी पावसाळा सरला की सुर्ल्यातलं कुठलंच पान हिरवं राहायचं नाही. लोखंडाच्या खनिजाचे ट्रक दिवसभर रस्त्यानं जायचे आणि लाल धूळ पानांवर, कौलांवर, दोरीवरच्या लुगड्यांवर, बोलायला तोंड उघडलं तर जिभेवर बसायची. आता रस्ता मोकळा होता. इतका मोकळा की कोंबडी मधोमध बसली होती.

केतकीनं एक फळ काढलं आणि सालीत नख रुतवलं. बारीक तुषार उडाले, आणि मी बावीस वर्षांची झाले. मला ती बावीस वर्षांची मुळीच आवडत नाही. पण वासाला कोण अडवणार?

ती होती पार्स्याची. काजूच्या बागांतून, माडांच्या सावलीतून आलेली. बारावी सायन्स, आणि वर म्हापशाच्या कॉलेजात एक वर्ष. त्या एका वर्षात ती रसायनशास्त्रात नापास झाली होती, हे तिनं सासरी सांगितलं नव्हतं. रसायनशास्त्राचं पुस्तक मात्र सामानात नेलं होतं आणि सगळ्यांना दिसेल असं जनेलात, म्हणजे खिडकीत, ठेवलं होतं. सासरी सगळे कोंकणीत बोलायचे. आरत्या, पत्रं आणि वर्तमानपत्र तेवढं मराठीत. माहेरी हिचंही तसंच होतं, पण इथं आल्यावर बया छापील मराठी बोलायला लागली. "कृपया मला ते पातेलं द्या," असं ती धाकट्या दिराला म्हणायची. तो पोरगा पातेलं देऊन हसत परसात पळायचा.

आणि मांय. आमच्याकडे सासूला मांय म्हणतात. ठेंगणी, सावळी, डाव्या नाकपुडीत नथीचं भोक आणि त्यात काडी. नथ सणालाच. सगळं घर तिच्या नाकावर चालायचं. भात शिजला हे ती झाकण न काढता ओळखायची. मासळीवाली वळणावर असतानाच बांगडा आहे की तारली, हे तिला कळलेलं असायचं. आमटीत तेफळ, म्हणजे तिरफळ, किती वेळ ठेवायचं, हळदीचं पान कधी खुडायचं, कोकमाची सोलं वाळली की अजून ओली, कशालाच तिचं माप नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "नाकाक विचार, बाय."

चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधायची. लाकडी चौकटीला रानातली, परसातली फळं, पानं, कंद टांगायचे. मधोमध दोन तोरंजनं, शेजारी म्हाळुंग. विसर्जन झालं की इतरांच्या घरी ती फळं खाऊन संपायची. आमच्याकडे मांय फळ मुलांना द्यायची आणि साल स्वतः घेऊन बसायची. आतला पांढरा कापूस सुरीनं खरवडून काढायचा, वरचा पिवळा पापुद्रा राखायचा, सुतात ओवायचा आणि चुलीच्या वर, धूर लागणार नाही पण उबेत राहील असा टांगायचा. उन्हात कधी नाही. तिथं धूळ होती. त्या माळा भाद्रपदात ओल्या पिवळ्या असायच्या, आश्विनात तपकिरी व्हायच्या, कार्तिकात वाजायच्या. वाजायला लागल्या की कांडून बरणीत. ओवा, सुंठ, मीठ घालून त्याची पूड पोटासाठी. नुसती साल, तुळस, आलं, गवती चहा उकळून तो काढा घशासाठी, कारण त्या गावात घसा सगळ्यांचा धरलेला होता.

ट्रक भरणारी माणसं आजूबाजूला भाड्यानं राहायची. कोणी बेळगावकडची, कोणी दोडामार्गाकडची. त्यांच्या बायका दुपारी मागच्या सोप्यावर यायच्या, कडेवर पोर घेऊन. मांय पोराचं तोंड हुंगायची, पोटावर हात ठेवायची, आणि एक तर चिमूट द्यायची, नाही तर सरळ डिचोलीच्या डॉक्टरांकडे पाठवायची. तापाला तिनं कधी हात लावला नाही. पैसे घेत नसे. कुणी नारळ ठेवला तर ठेवू द्यायची.

आमची पंडिता तिला जनेलातून समजावायची. मांय, उकळल्यानं जीवनसत्त्व मरतं, पुस्तकात आहे. मांय काढा ढवळत म्हणायची, "मरूं दी. वास उरता न्हय?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिच्या हातची साल पाहिली. दुसऱ्या वर्षी काही तरी बदललं होतं. ते मला दिसत होतं आणि कळत नव्हतं. दूध उतू जायला लागलं. एकदा भात करपून तळाला कोळसा झाला आणि मांय चुलीसमोरच बसलेली. साली ओवताना ती मला हाक मारायची, पळय गो, जालें काय? बघ गं, झालं का? मी हुंगून सांगायची. मला वाटायचं, अखेर हिला माझ्या शिक्षणाची किंमत कळली. काय फुशारले मी.

त्याच वर्षी मला दिवस गेले, आणि माझं नाक कुत्र्याचं झालं. शेजारच्या घरी कांदा चिरला तर मी इथं ओकायची. साबण, रॉकेल, गोठा, ह्यांच्या शर्टाला लागलेलं डिझेल, सगळं अंगावर यायचं. अशात कार्तिकातली एक दुपार. सोप्यावर पाचसहा बायका. दोडामार्गाकडची इंदू आपल्या मुलीला घेऊन आली होती, पोरीचं पोट चार दिवस बरं नव्हतं. मांयनं बरणीचं झाकण काढलं आणि तो वास माझ्यापर्यंत आला. कुंद, गोडसर, पिंपाच्या तळासारखा. पूड बरणीत ओली गेली होती. बुरशी धरली होती.

मांयची चिमूट पोरीच्या ओठांशी पोचली होती. मी पुढं होऊन तिचा हात धरला. तेवढं बरोबर केलं. नंतर जे केलं त्याला माझ्याकडे आजही नाव नाही. हळू सांगता आलं असतं. मांय, जरा आत या, म्हणता आलं असतं. मी सगळ्या बायकांसमोर, माझ्या छापील मराठीत, शाळेतल्या बाईंसारखी म्हणाले:

"याला बुरशी आली आहे. तुम्हाला एवढाही वास येत नाही?"

इंदूनं पोरीला छातीशी ओढलं. मांयनं बरणी नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली, आणि झाकण लावलं. मग ती न्हाणीकडे गेली. बरणी राखेनं घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी इंदूला म्हटलं, डॉक्टरांकडे जा, आणि आत येऊन पुस्तक उघडून बसले. जिंकल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं तर बरणी फळीवर पालथी घातली होती.

बायका यायच्या थांबल्या. एकदम नाही. आधी इंदू, मग तिच्या शेजारची, मग कुणीच नाही. दुपारचा सोपा रिकामा राहिला. मांय तिथंच बसायची, हात मांडीवर. चुलीवरच्या उरलेल्या माळा तिनं काढल्या नाहीत, पण त्यांना हातही लावला नाही. धूळ आत येऊन त्यांच्यावर बसत गेली. ती मला एक शब्द वेडावाकडा बोलली नाही. फक्त पळय गो, जालें काय, हे विचारायची थांबली. आणि भातासमोर बसून झाकण काढून शीत चेपून बघायला लागली, माझ्यासारखी.

त्या हिवाळ्यात गोव्यात राजभाषेवरून सगळीकडे पेटलं होतं. घरातही. मांव, म्हणजे सासरे, मराठीचे. हे कोंकणीचे. दोघं बापलेक एकाच भाषेत तावातावानं भांडायचे की आपली भाषा कोणती. दक्षिणेत रस्त्यात झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या. मला सातवा लागला होता, बाळंतपणाला पार्स्याला जायचं होतं, बांगड्या भरून झाल्या होत्या. पण जाणार कशानं? ट्रकही थांबले. सुर्ल्यात असं कधी झालं नव्हतं. धूळ हळूहळू खाली बसली. तिसऱ्या दिवशी डोंगराच्या कडा दिसायला लागल्या आणि ओढ्याचा आवाज घरात यायला लागला.

त्या शांत दिवसांतल्या एका सकाळी मी चुलीकडे गेले. मांय पाठमोरी बसली होती. तिनं माळेतली एक साल तोडली, मोडली, नाकाशी धरली. डोळे मिटले. मग ती निखाऱ्यावर शेकली, पुन्हा नाकाशी. मग तेफळ. मग मुठीत चुरगाळलेली तुळस. एकेक उचलून, हुंगून, बाजूला ठेवत होती. हरवलेली चावी शोधणारं माणूस जसं तेच ते कपडे पुन्हा पुन्हा झटकतं, तसं. मी उंबऱ्यावरच थांबले. करपलेला भात, उतू गेलेलं दूध, पळय गो, सगळं एका क्षणात माझ्यापुढं येऊन बसलं. आणि मी सगळ्या वाड्यासमोर विचारलेला प्रश्न. ज्याचं उत्तर खरोखरच ‘नाही येत’ असं होतं.

तिला चाहूल लागली. मागं न बघता म्हणाली, "वर्स जालें. कांयच येना."

मी शेजारी बसले. बसायला वेळ लागला, पोट आडवं येत होतं. मला रडू येत होतं, पण तिनं रडायला उसंतच दिली नाही. शेकलेली साल माझ्या हातात दिली. "सांग. कसो येता?"

मी म्हटलं, बरा येतो.

"बरो म्हणजे कितें? बरो जांवय आसता."

रसायनशास्त्रात नापास झाले तेव्हासुद्धा मी इतकी उघडी पडले नव्हते. नाक होतं कुत्र्याचं आणि शब्द एकही नाही. छापील मराठीत सुगंध होता, दुर्गंध होता, मधलं काही नव्हतं. शेवटी मी पार्स्याच्या बोलीत शिरले. सांगितलं, काजूच्या भट्टीवर पहिली धार पडायच्या आधी भांडं तापतं, तसा. पण मागून कडू. मांयनं मान हलवली. कडू पुढं की मागं? मागं, मी म्हटलं. "मागीर बरें," मग ठीक, असं म्हणून तिनं ती साल वेगळी ठेवली.

मग मी तिला तोंड वर करून म्हटलं: मी बायकांना जाऊन सांगते, माझीच चूक झाली, दिवस गेलेल्या बाईला कशाचाही वास येतो, पूड चांगली होती. एवढं तर मी करू शकते.

मांयनं हातातली तुळस खाली ठेवली. "फट कित्याक मारतली? तें भुरगें व्हड काय म्हजें नाक व्हड?" खोटं कशाला, पोर मोठं की तिचं नाक मोठं, हा तिचा सवाल.

रस्ते मोकळे झाले त्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन स्वतः इंदूच्या खोलीवर गेली. मी मागं. इंदू चपाती लाटत होती, ती उठून उभी राहिली. तिची मुलगी बरी दिसत होती. मांयनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, माझ्या सुनेनं सांगितलं ते खरं, मला वास येत नाही, मी तुला आधीच सांगायला हवं होतं. ज्या बाईचं सगळं घर तिच्या नाकावर चालायचं, ती परक्या उंबऱ्यावर उभी राहून हे बोलली. इंदूनं चटई टाकली. चहा केला. मांय चहा प्यायली आणि निघताना म्हणाली, आता हात माझा आणि नाक हिचं, पटलं तर ये.

मी पार्स्याला गेले, मुलगा घेऊन परत आले. तोवर उन्हाळा झाला होता आणि गोवा घटक राज्य होण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. मांवनी पेढे आणले की ह्यांनी, आता आठवत नाही. मला आठवते ती पुढची चवथ. माटोळीतून उतरवलेलं तोरंजन, मांयची सुरी, आणि मांडीवर पोर घेऊन तिला वास सांगणारी मी. पहिल्या दिवशी साल पाटी पुसल्यासारखी येते, मांय. चौथ्या आठवड्यात कोऱ्या कापडाच्या खळीसारखी. नवव्या आठवड्यात कापूर संपलेल्या डबीसारखी. "आनीक दोन दिस," ती म्हणायची. तिसऱ्या दिवशी माळा वाजल्या.

बायका आल्या. पहिल्या तीन आल्या तेव्हा मांयनं बरणी माझ्यापुढं धरली आणि सगळ्यांसमोर विचारलं, कसो येता? मी सांगितलं. मग चिमूट.

असं अठरा वर्षं चाललं. एवढ्या वर्षांत मी तिला काय काय सांगितलं असेल. कोथिंबीर उन्हाळ्यात कशी साबणाकडे झुकते आणि थंडीत कशी मिरीकडे. पुदिना कुस्करला की आधी थंड येतो, मग उष्ण. कडीपत्ता तेलात पडायच्या आधी कसा मुका असतो. आल्याच्या जुन्या गड्ड्याला मातीचा आणि नव्याला लिंबाचा. नातवाचं डोकं न्हाल्यावर कसं, शाळेतून आल्यावर कसं. मांव गेले तेव्हा त्यांचा कोट तिनं माझ्याकडे दिला आणि मी सांगितलं: विडी, कापूर, घाम, आणि वर्तमानपत्र. ती तो कोट घेऊन दिवसभर बसून होती. कधी मला कंटाळा यायचा. मी ठोकून द्यायची, कालच्यासारखाच येतो. तिला लगेच कळायचं. डोळे मिटून थांबायची, खरं येईपर्यंत. तेव्हापासून मी तिच्याशी वासात कधी खोटं बोलले नाही. बाकी बोलले, पुष्कळ बोलले. रसायनशास्त्राचं तर कधीच कबूल केलं नाही.

शेवटच्या वर्षी ती खाटेला लागली. पाय गेले, मग भूक गेली. मीच सगळं करायची. पण मुलगा परीक्षेला, ह्यांची खाणीवर पाळी, मी एकटी, आणि कधी कधी हात पोचायला उशीर व्हायचा. ती तक्रार करायची नाही. फक्त कुणी भेटायला आलं की चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायची आणि तोंड भिंतीकडे करायची. मला वाटायचं, थकली आहे. भेटायला येणारीही दारातच उभी राहायची, लवकर निघायची. इंदू तेवढी आत येऊन बसायची.

एका दुपारी इंदू गेल्यावर मांयनं मला जवळ बोलावलं. मग विचारलं.

"म्हजो वास कसो येता गो?"

अठरा वर्षं ती सगळ्या जगाचा वास विचारत होती. हा एक प्रश्न तिनं किती दिवस चादरीखाली धरून ठेवला असेल, कोण जाणे. मी जनेलाबाहेर बघितलं. सांगावंसं वाटलं की चंदनाचा येतो, तुळशीचा येतो, देवघराचा येतो. कुठलीही चांगली सून तेच सांगेल. ती डोळे मिटून थांबली होती.

मी सांगितलं. मुताचा येतो, मांय. शिळ्या तेलाचा येतो. पाठीला जखम होते आहे तिचा येतो. बोटांना अजून थोडा सालीचा.

तिनं डोळे उघडले. लाज वाटेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावरची एक घडी मात्र सुटली.

"मागीर उदक तापय, बाय," ती म्हणाली.

मी पाणी तापवलं. ह्यांना हाक मारून तिला उचललं, पाटावर बसवलं, पाठीला हातानं धरून धरून न्हाऊ घातलं. चादर बदलली. उशीची खोळ बदलली. आणि दुसऱ्या दिवसापासून, पाळी असो परीक्षा असो, सकाळचं पहिलं पाणी तिचं.

हे सगळं मी केतकीला झाडाखाली बसून सांगितलं. ती साल मोडत ऐकत होती. तिनं विचारलं, आजी, मरायला टेकलेल्या माणसाला एवढं खरं कोण सांगतं गं? तू एकदा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

मीही हे पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. चंदन म्हटलं असतं, तर तिला ते खोटं आहे हे कळलं असतं, आणि तिनं पुन्हा विचारलं नसतं. पाणीही मागितलं नसतं. भिंतीकडे तोंड करून राहिली असती.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. कुणी आलं की तोंड इकडे करून बोलायची.